एमजीबीचं इंजिन चढावर मेलं: पूर्ण खोलायचं, की आधी काही तपासायचं?

ओव्हरड्राइव्ह (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसता वाचक होतो, आता अडलंय म्हणून लिहितोय.

गाडी एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची उघडी स्पोर्ट्स कार), १९६७ ची. १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगवालं इंजिन, जुळे एसयू कार्बोरेटर. एका लांबलचक चढावर तिसऱ्या गिअरमध्ये होतो. गाडी हळूहळू जड वाटायला लागली, मग एकाएकी निम्मी ताकद गेली आणि इंजिन गदागदा हलायला लागलं. कार्बोरेटरातून फटाफट आवाज. कशीबशी माथ्यावर आणून बाजूला घेतली, तर आयडलला टिकेना. बंद पडली ती पडलीच.

आता स्टार्टर मारला की इंजिन फिरतं, पण एकसारखं नाही. दोनदा जोर लागतो, मग दोनदा एकदम मोकळं, पुन्हा दोनदा जोर. मधेच धुगधुगी येते आणि जाते. ऑइल प्रेशर शेवटपर्यंत ६० पीएसआय होतं. तापमानाचा काटा आधी मधोमध होता, नंतर तर खाली उतरला, म्हणजे तापण्याचा विषय नसावा. रेडिएटर गार झाल्यावर उघडला तेव्हा मात्र पाणी दिसेचना, बरंच ओतावं लागलं.

एका मेकॅनिकने फोनवर आवाज ऐकून 'क्रँक गेला, इंजिन उतरवा, पूर्ण खोला' असा निकाल दिलाय. तुमचं काय मत?

आठ_सिलिंडर

उतरवताय ना, मग तेच परत कशाला बसवता? १९७३ ते ७६ मध्ये कंपनीनेच एमजीबी जीटीमध्ये रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवलं होतं. इशारा समजा.

तेलाचे_हात

वरच्या सदस्याकडे दुर्लक्ष करावे, ते प्रत्येक धाग्यावर हेच लिहितात.

ओव्हरड्राइव्ह, पहिली गोष्ट म्हणजे आता स्टार्टर मारणं बंद करा. रेडिएटरमधलं पाणी कुठेतरी गेलंय. ते सिलिंडरमध्ये साचलं असेल तर पिस्टन वर येताना त्याला दाबता येत नाही, आणि स्टार्टरच्या जोरावर कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढा, मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्लगच्या भोकातून काय बाहेर येतं ते बघा. प्लग ज्या क्रमाने काढाल त्याच क्रमाने मांडून ठेवा. आजचं काम एवढंच.

क्रँक गेल्याचं मला वाटत नाही. बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) किंवा मेन बेअरिंग गेलं की ऑइल प्रेशर आधी गडगडतं आणि ठोका ऐकू येतो. तुमच्याकडे दोन्ही नाही.

आणि काटा खाली आला म्हणून खूश होऊ नका. या गाडीच्या गेजचा बल्ब हेडच्या (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या झाकणाच्या) पुढच्या टोकाला पाण्यात बुडलेला असतो. पाणी उतरलं की तो वाफेत लटकतो आणि इंजिन भाजून निघत असतानाही काटा कमी दाखवतो. तापलेल्या गाडीचा काटा चढावर अचानक उतरायला लागला, तर ती चांगली बातमी नसते.

रोटर_आर्म

असहमत. एकाएकी ताकद जाणं आणि कार्बोरेटरातून फटाके ही इग्निशनची लक्षणं आहेत. माझा पहिला संशय नावाप्रमाणे रोटर आर्मवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरत एकेका प्लगला स्पार्क वाटणाऱ्या तुकड्यावर. नवीन बनावटीच्या कित्येक आर्मांमध्ये पितळी पट्टीचा रिव्हेट जास्त खोल गेलेला असतो, स्पार्क तिथून थेट डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टमध्ये उतरतो आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. गाडी तापली की हा दोष हमखास डोकं वर काढतो. कंडेन्सरचंही तेच. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच आणि स्टॅटिक टायमिंग टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) आधी १० अंश आहे ना, ते आधी बघा. फुकटची तपासणी आधी, महागाची नंतर.

चोकवाला

मी मागचा कार्बोरेटर म्हणेन. या हेडला इनटेकचे पोर्ट दोनच आहेत. पुढचा एसयू १ आणि २ नंबरला पाजतो, मागचा ३ आणि ४ ला. मागच्याच्या फ्लोट चेंबरची सुई अडकली किंवा पिस्टन डॅशपॉटमध्ये चिकटला, तर बरोबर निम्मं इंजिन जातं. धागाकर्ते म्हणतायत 'निम्मी ताकद गेली'. कोणी हिशोब घालतंय का?

तेलाचे_हात

चोकवाला, निम्म्याचा हिशोब बरोबर, पण कार्बोरेटरच्या नावावर तो बसत नाही. रोटर_आर्म यांच्या बाबतीतही हीच अडचण. पेट्रोल नसलं किंवा स्पार्क नसला, तरी पिस्टन हवा दाबतोच. स्टार्टरला चारही वेळा सारखाच जोर लागायला हवा. इथे दोनदा जोर आणि दोनदा मोकळं चाललंय. म्हणजे दोन सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही.

आता फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम घ्या: १-३-४-२. मोकळे ठोके लागोपाठ येतात, तेव्हा मेलेले दोन सिलिंडरही या क्रमात लागोपाठचे असणार. त्यातून शेजारी-शेजारी बसलेली जोडी निवडायची तर १-२ किंवा ३-४. शेजारचे दोन एकाच क्षणी मेले, तर दोघांच्या मधलं काहीतरी गेलं असं आधी धरायचं. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह एकाच चढावर जळतील हा योगायोग मला पटत नाही.

पैज ३-४ वर. पाण्याचा पंप पुढे आहे, मागचं टोक त्याच्यापासून सगळ्यात लांब. पण पैजेवर हेड उतरवायचं नसतं, कॉम्प्रेशन गेज लावा.

रोटर_आर्म

स्टार्टरच्या तालाचा मुद्दा मान्य. तरी आर्म बदलाच.

ओव्हरड्राइव्ह (धागाकर्ता)

प्लग काढले. इंजिन हाताने मोकळं फिरतंय, कुठे अडत नाही, भोकातून पाणीही आलं नाही. १ आणि २ चे प्लग फिकट तपकिरी, कोरडे. ३ आणि ४ चे काळसर आणि पेट्रोलने ओले. ऑइलच्या झाकणाला आतून थोडा पिवळट साय आल्यासारखा थर आहे, पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ दिसतंय. झाकणावरचा थर बघून जरा धसकलोय.

तेलाचे_हात

झाकणावरच्या थराने घाबरू नका. थंड हवेत लहान फेऱ्या झाल्या की दमटपणा झाकणाखाली साचतो आणि तसा थर धरतो. डिपस्टिक स्वच्छ आहे, ते महत्त्वाचं. उलटही ध्यानात ठेवा: ऑइल स्वच्छ म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधला पातळ पत्रा) शाबूत असं नाही. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधेच फाटलं तर पाण्याचा आणि ऑइलचा संबंधच येत नाही, हवा या खोलीतून त्या खोलीत जाते एवढंच.

कॉम्प्रेशन घेण्याआधी टॅपेटचा (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला) गॅप बघून घ्या, सगळे ०.०१५ इंच हवेत. एखादा व्हॉल्व्ह सीटमध्ये धसला असेल तर गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि गेज खोटं बोलतं. नऊचा नियम माहीत असेलच: जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला आहे त्याचा नंबर नवातून वजा करा, जो येईल त्याचा गॅप मापा. १ दाबलेला असेल तर ८ मापायचा, ३ असेल तर ६.

मग बॅटरी पूर्ण चार्ज, कॉइलची वायर सुटी, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबलेला. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेल्या आकड्यांना अर्थ नाही, हवा आतच येत नाही. प्रत्येक सिलिंडरला सारखेच ठोके द्या आणि पहिल्या ठोक्याला काटा कुठे गेला तेही लिहा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर काटा पायरीपायरीने चढतो. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट असेल तर पहिल्या ठोक्यालाच खाली राहतो आणि पुढेही फारसा चढत नाही.

ओव्हरड्राइव्ह (धागाकर्ता)

टॅपेट ठीक, एक जरासा सैल होता. आकडे पीएसआयमध्ये:

१ – १५०
२ – १४५
३ – ४०
४ – ३५

चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा घेतले: १५८, १५५, ४५, ४०. ३ आणि ४ चा काटा पहिल्या ठोक्याला उठतो आणि तिथेच बसतो.

चोकवाला

घ्या. कार्बोरेटरवरचा खटला काढून घेतोय.

तेलाचे_हात

ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. रिंगांचा दोष असता तर ३ आणि ४ चे आकडे चांगलेच उसळले असते. उसळले नाहीत, म्हणजे हवा वरून निसटतेय. १ आणि २ चे आकडे बघता खालचं इंजिन ठणठणीत आहे. त्या फोनवरच्या निकालाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

शेवटची चाचणी हवेची. तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा. ओळखायचं असं की दोन नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह 'डुलत' असतील, एक मिटतोय आणि एक उघडतोय, तेव्हा तीन नंबरचे दोन्ही मिटलेले असतात. गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, नाहीतर हवेच्या दाबाने इंजिन फिरेल आणि पाना असेल तर तोही. मग प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. कार्बोरेटरात फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा पिस्टन. रेडिएटरात बुडबुडे आले तर गॅस्केट पाण्याच्या बाजूला फुटलंय किंवा हेडला तडा आहे.

नवशिका

मधे बोलतो, माफ करा. कॉम्प्रेशनचे आकडे मिळाले, मग ही चाचणी कशाला? हेड तर उघडावंच लागणार ना?

तेलाचे_हात

प्रश्न चांगला आहे. हेड उचललं की पुरावा विस्कटतो. गॅस्केट उचकटताना फाटतं आणि जळलेली जागा कोणती, उचकटलेली कोणती, यावरून नंतर वाद होतात. हवा कुठून जाते ते आधी कळलं की हेड उलटं केल्यावर नजर बरोबर तिथेच जाते. शिवाय हवा एक्झॉस्टमधून आली असती, तर व्हॉल्व्हच्या कामाची तयारी ठेवूनच हेड उतरवलं असतं.

ओव्हरड्राइव्ह (धागाकर्ता)

हवा सोडली. कार्बोरेटर शांत, सायलेन्सर शांत. चार नंबरच्या प्लगच्या भोकावर हात धरला तर तळहाताला सरळ वारा लागला. भोकावर कागदाचा कपटा ठेवला तो उडाला. रेडिएटरात दोन-चार बारीक बुडबुडे आले, मग थांबले.

मापाडी

झालं निदान. ३ आणि ४ च्या मधली गॅस्केटची पट्टी जळलीय, आणि थोडी वाट पाण्याकडेही झालेली दिसते.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. नवीन गॅस्केट घालून मोकळं होऊ नका. गॅस्केट आपण होऊन जळत नाही. इंजिन का मेलं याचं उत्तर मिळालं, गॅस्केट का मेलं याचं अजून नाही. नाहीतर पुढच्या चढावर हाच धागा परत वर येईल.

हेड उतरवताना एक खोच आहे. रॉकरच्या चार खांबांना धरून ठेवणारे चार मोठे नट हे हेडचेच नट आहेत. 'नुसता रॉकर शाफ्ट काढतो' म्हणून ते चारच सोडले तर हेडवर ताण वेडावाकडा बसतो. आधी पाणी काढा, मग अकराही नट क्रमाने, थोडे थोडे ढिले करत या. पुशरॉड उचलण्याआधी जागेवर जरा फिरवा. ऑइलमुळे खालचा टॅपेट रॉडला धरून वर येतो आणि मधेच सुटून पडला की मनस्ताप.

पाणी काढताना रेडिएटरखालून काढाच, पण ब्लॉकचा टॅपही उघडा. मागच्या बाजूला, चार नंबरजवळ असतो. तिथून काय येतं ते मुद्दाम इथे लिहा.

ओव्हरड्राइव्ह (धागाकर्ता)

मापाडी, तुम्हाला आधीच माहीत होतं का?

रेडिएटरखालून हिरवं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आलं. ब्लॉकचा टॅप उघडला तर एक थेंब नाही. टॅप पूर्ण काढून घेतला, तरी नाही. भोकात तार घातली तर ती बोटभर आत जाऊन मऊशा कशात तरी रुतली. ढवळत राहिलो तेव्हा आधी लाल-तपकिरी गाळाची एक गुठळी बाहेर पडली, ओल्या विटेच्या चुऱ्यासारखी, आणि मग तिच्यामागून काळपट पाण्याची बारीक धार. टोपलंभर नव्हे, पण बशीभर गाळ नक्की. गाडी माझ्याकडे आल्यापासूनचे सगळे कागद आहेत, त्याआधी हा टॅप कोणी उघडला होता की नाही, कोण जाणे.

हेड उतरवलंय. गॅस्केटवर ३ आणि ४ च्या मधे करंगळीच्या नखाएवढी पट्टी गायब आहे, कडा काळ्या आणि कुरतडल्यासारख्या. पिस्टनचे माथे शाबूत, सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे नाहीत.

मापाडी

माहीत नव्हतं, पण या ब्लॉकची ती जुनीच खोड आहे. ओतीव लोखंड गंजत राहतं, पंप तो गंज मागे ढकलतो आणि तो चार नंबरभोवती तळाशी बसतो. पाणी बदलणारे रेडिएटर रिकामा करतात, ब्लॉकमधलं तसंच राहतं. म्हणून रेडिएटरचं पाणी हिरवं आणि आतून चार नंबर गाळात पुरलेला. त्या जागेला पाणी लागत नाही, लोखंड तिथे जास्त फुगतं, हेड किंचित उचललं जातं आणि सगळ्यात अरुंद पट्टी आधी जाते. तुमच्यात त्यावर पाणीही कमी होतं.

ते पाणी कुठून कमी झालं, तेही शोधा. हीटरचा व्हॉल्व्ह हेडच्या मागच्या टोकाला आहे, त्याच्याखाली पांढरट-हिरवट पापुद्रा दिसतो का? गरम ब्लॉकवर गळलेलं पाणी तिथल्या तिथे आटतं, जमिनीवर डाग पडतच नाही.

आता मापं. हेड नीट पुसून सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत ठेवा, खाली फीलर गेजचं ०.०५ मिमीचं पान सरकवून बघा. ब्लॉकलाही तेच. ३ आणि ४ च्या मधे नख फिरवा. जळता वायू बराच वेळ गेला असेल तर लोखंडातच खाच पडते, आणि तशा खाचेवर घातलेलं नवं गॅस्केटही लवकरच जातं. स्टडच्या भोकांच्या कडाही बघा, वर उचललेल्या असतील तर त्या आधी सपाट करायला हव्यात.

तेलाचे_हात

आणि तडा. या हेडचा दुखरा भाग ३-४ नाही, मधला आहे. २ आणि ३ नंबरचा एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून बाहेर पडतो, सगळी आग तिथे एकवटते, म्हणून त्या दोन एक्झॉस्ट सीटच्या मधे तडा जायची सवय आहे. नुसत्या डोळ्यांनी बघून हेड पास करू नका. मशीन शॉपमध्ये तड्याची चाचणी आणि प्रेशर टेस्ट करून घ्या, नंतर फेसिंग, म्हणजे खालची बाजू तासून सपाट करणं. फेसिंगही जेवढ्यास तेवढं. मूळ कॉम्प्रेशन रेशो ८.८ आहे, हेड तासत गेलात की तो वाढत जातो आणि उद्या नॉकिंगचा धागा काढाल.

हेड बाहेर गेलंच आहे तर एक्झॉस्टला कठीण सीट बसवून घ्या. या इंजिनाच्या मूळ सीट शिसंवाल्या पेट्रोलच्या भरवशावर होत्या.

आठ_सिलिंडर

एवढ्या मेहनतीत व्ही-८ बसलं असतं.

नवशिका

त्याचाही ब्लॉक गाळाने भरला असता ना?

आठ_सिलिंडर

त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, पण ठीक आहे, गप्प बसतो.

ओव्हरड्राइव्ह (धागाकर्ता)

हेड परत आलं. तडा नाही. ३-४ च्या बाजूला ०.०५ चं पान सहज जात होतं, हलकं फेसिंग करून सरळ केलं. खाच पडली नव्हती. एक्झॉस्टच्या सीट बदलल्या. ब्लॉक सपाट होता.

गाळासाठी ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (पाण्याच्या वाटेची भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढले. वाकडी तार आणि पाण्याची नळी घेऊन दोन्ही बाजूंनी, टॅपमधून स्वच्छ धार येईपर्यंत धुतलं. मागच्या कोअर प्लगच्या आतला थर तर कडक झाला होता, खरवडावा लागला. पापुद्राही सापडला, हीटरच्या व्हॉल्व्हखाली, जसा सांगितलात तसाच. व्हॉल्व्ह आणि त्याचं गॅस्केट नवीन.

गॅस्केटवरचे 'टॉप' आणि 'फ्रंट' दोनदा वाचून बसवलं, नट मधून बाहेरच्या क्रमाने तीन टप्प्यांत ५० फूट-पाउंडपर्यंत. ऑइल आणि फिल्टर बदलला. जुना फिल्टर कापून कागद उलगडला, चमचम नाही. इंजिन चालू आहे! कॉम्प्रेशन १६०, १५५, १६०, १५५. रोटर आर्मही बदलला, रोटर_आर्म यांच्या समाधानासाठी.

आता नट पुन्हा कसायचे का, आणि कधी? दोन पुस्तकांत दोन मतं आहेत.

मापाडी

आधी गॅस्केटबरोबर आलेला कागद वाचा. काही नव्या गॅस्केटांवर 'पुन्हा कसू नये' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, त्यावर विषय संपला. तसं लिहिलं नसेल तर इंजिन एकदा पूर्ण तापवून रात्रभर गार होऊ द्या. मग त्याच क्रमाने एका वेळी एकच नट थोडा ढिला करून परत ५० वर आणा. नुसता पाना लावून 'क्लिक' ऐकलं तर ती स्टडवर अडकलेल्या नटाची क्लिक असू शकते. नंतर टॅपेट पुन्हा सेट करावे लागतील, कारण हेड जरासं जरी बसलं तरी गॅप बदलतो.

चोकवाला

आणि ते झाल्यावर दोन्ही एसयूंचा समतोल करून घ्या. निम्मं इंजिन मेलेलं असताना तुम्ही किंवा कोणीतरी मिक्स्चरच्या नटाला हात लावला असणारच.

ओव्हरड्राइव्ह (धागाकर्ता)

कागदावर तसं काही लिहिलेलं नाही, म्हणजे कसायचे. उद्या सकाळी गार असतानाच घेतो. मिक्स्चरच्या नटाला हात मी नाही, फोनवरच्या निकालाआधी आलेल्या एका मित्राने लावला होता. मागचा दोन फ्लॅट (नटाच्या दोन बाजू) फिरवलाय म्हणे, कुठल्या दिशेला ते त्याला आठवत नाही.

चोकवाला

मग दोन्ही जेट आधी ब्रिजच्या (कार्बोरेटरच्या आत जेटभोवतीच्या उंचवट्याच्या) पातळीला आणा, तिथून दोन्ही सारखेच बारा फ्लॅट खाली, आणि इंजिन गरम करून मागच्यापासून सुरुवात करा. पिस्टन उचलायची पिन जेमतेम एक मिमी वर करा: आयडल वाढून तसाच राहिला तर मिक्स्चर जाड, लगेच मरायला लागलं तर पातळ, किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर.